थट्टा कोठें संपते?

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. पत्र मोठें आहे. त्यांतील सार तेवढें येथें देतों. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, सहाव्या इयत्तेंत शिकणारा. घर एकत्र कुटुंबाचें. सासूसासरे, थोरले दीर, जाऊबाई, चुलत भावंडें मिळून नऊ माणसें एका पंक्तीला जेवणारीं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलाचें पोट दुखूं लागलें. सोमवारीं सकाळीं दुखतें, दुपारपर्यंत थांबतें, रविवारीं सायंकाळीं पुन्हां सुरू होतें. वैद्य झाले, डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली. पोटांत कांहीं निघालें नाहीं. मग एके दिवशीं दप्तर आवरतांना आईला वहीच्या मधल्या पानावर परक्या हस्ताक्षरांत लिहिलेलें एक घाणेरडें टोपणनांव सांपडलें. मुलानें तें इतक्या वेळां खोडलें होतें कीं कागद फाटला होता. विचारल्यावर तो म्हणाला, "कांहीं नाहीं, गंमत करतात." सासरे म्हणतात, आमच्या वेळींहि पोरें चिडवीत, आम्ही कांहीं मेलों नाहीं, मुलगा हळवा आहे, त्याला कणखर करा. यजमान म्हणतात, त्यानेंहि दोन ठेवून द्याव्यात. भगिनी विचारतात, "गुरुजी, ही गंमत आहे कीं दुसरें कांहीं, हें आईनें ओळखावें कसें?"

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. जन्म वर्गांत काढलेल्या माझ्यासारख्या मास्तरासहि त्याचें उत्तर वेळेवर सुचलें नव्हतें, आणि त्याची कबुली मी पुढें देणार आहें. परंतु आधीं विषय नीट मांडूं.

आपल्या भाषेंत या प्रकाराला एक नेमका शब्द नाहीं. दांडगाई म्हटली कीं मारामारी डोळ्यांपुढें येते. छळ म्हटला कीं सासुरवास आठवतो. चिडवणें, खोडी काढणें, टर उडविणें हे शब्द इतके हलके कीं ऐकणारा ते ऐकतांच हंसतो. कॉलेजांतील प्रकारास आपण 'रॅगिंग' हा इंग्रजी शब्द घेतला, आणि शाळेंतील प्रकारास अलीकडे मुलें 'बुलिंग' म्हणतात. ज्या वस्तूला नांव नाहीं ती वस्तु समोर असूनहि दिसत नाहीं, असा मनुष्याचा स्वभाव आहे. म्हणून तिचें लक्षण प्रथम पाहावें हें बरें.

हें लक्षण ज्यांनीं पद्धतशीर केलें ते डॅन ओल्वेउस नांवाचे मूळचे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ होत. त्यांचा या विषयावरील पहिला ग्रंथ १९७३ सालीं स्वीडिश भाषेंत निघाला. पुढें नॉर्वे देशांतील बर्गेन येथें त्यांनीं हेंच काम चालविलें. नॉर्वेंत १९८२ च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनीं जीव दिला. त्यामागें सोबत्यांकडून झालेला छळ असावा असें दिसून आल्यावर १९८३ सालीं तेथील सरकारनें सर्व देशभर शाळांतून या प्रकाराविरुद्ध मोहीम हातीं घेतली. ओल्वेउस यांनीं सांगितलेल्या खुणा तीन. पहिली, त्रास जाणूनबुजून दिलेला असतो. दुसरी, तो एकदां होऊन संपत नाहीं, पुन्हां पुन्हां होतो. तिसरी, दोन्ही बाजूंचें बळ सारखें नसतें, आणि सोसणाऱ्यास आपला बचाव करणें कठीण जातें. बळ म्हणजे दंडाचेंच असें नव्हे. दहांपुढें एकटें असणें, वर्गांतील वजन, बापाचा पैसा, गोरा रंग, शुद्ध बोलणें, हीं सर्व बळेंच आहेत.

भांडण आणि थट्टा यांहून हा प्रकार निराळा कसा, तेंहि पाहूं. दोन मुलें भांडलीं, दोघांनीं एकमेकांस बोचकारलें, आणि संध्याकाळीं पुन्हां एकत्र खेळलीं, तर तें भांडण. थट्टेंत पाळी बदलते. आज मीं तुझी केली, उद्यां तूं माझी करशील. आणि 'पुरे' म्हटलें कीं ती थांबते. छळांत पाळी कधींच बदलत नाहीं, आणि 'पुरे' म्हटल्यानें उलट जोर वाढतो. तेव्हां भगिनींनीं मुलाला शांतपणें दोनच प्रश्न विचारावे: "तूंहि त्यांना असें म्हणतोस का? आणि नको म्हटलेंस तर ते थांबतात का?" दोन्ही उत्तरें नकाराचीं आलीं, तर तेथें गंमत हा शब्द वापरूं नये.

पहिल्या खुणेपाशीं मात्र थोडें थांबावें लागतें. 'जाणूनबुजून' म्हटलें कीं प्रत्येक घरचीं माणसें सांगतात, आमच्या मुलाच्या मनांत वाईट नव्हतें. आणि पुष्कळ वेळां तें खरेंहि असतें. आदिपर्वांतील भीमाचें बाळपण आठवा. धृतराष्ट्राचीं मुलें खेळत असतां भीम त्यांचे केंस धरून त्यांना जमिनीवरून ओढी. पोहतांना दहा दहा जणांना कवेंत धरून, प्राण कासावीस होईपर्यंत पाण्याखालीं दाबी. तीं फळें काढावयास झाडावर चढलीं कीं लाथ मारून झाड हालवी, म्हणजे फळांबरोबर मुलेंहि खालीं पडत. महाभारतकारांनीं येथें स्पष्ट म्हटलें आहे कीं, भीमाच्या मनांत द्वेष नव्हता, हें सारें पोरपणानें होत होतें. आपणहि कीर्तनांत हा भाग ऐकून खदखदून हंसतों. परंतु कथा तेथें थांबत नाहीं. पुढें गंगातीरीं प्रमाणकोटी नांवाच्या ठिकाणीं दुर्योधनानें त्याच भीमाला अन्नांतून विष घातलें व वेलींनीं बांधून पाण्यांत लोटलें. दुर्योधनाच्या कृत्याचें समर्थन कोणी करणार नाहीं, मीहि करीत नाहीं. त्याच्या मत्सराचीं इतर कारणेंहि होतीं. पण पाण्याखालीं दाबलेल्या मुलाला दाबणाराचा हात द्वेषाचा आहे कीं पोरपणाचा, हें कळत नाहीं. त्याला फक्त श्वास घेतां येत नाहीं एवढें कळतें. आणि त्या वाड्यांत भीष्म होते, विदुर होते, कुंती व गांधारी होत्या. त्यांच्यापैकीं कोणी मुलांना वेळेवर बाजूस घेऊन बोललें, असें त्या प्रसंगांत आढळत नाहीं. तात्पर्य, करणाऱ्याचा हेतु शोधीत बसण्यापेक्षां सोसणाऱ्याची स्थिति पाहावी. हेतु मनांत असतो, स्थिति डोळ्यांना दिसते.

आतां माझी कबुली. मॅट्रिक होऊन पाठशाळेंत काढलेलीं कांहीं वर्षें एवढीच माझी पुंजी; तिच्या बळावर मीं एका शाळेंत संस्कृत शिकविलें. सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आठवीच्या वर्गांत नामांचीं रूपें चाललीं होतीं. वर्गांत एक मुलगा होता. अंगानें स्थूल, स्वभावानें शांत, पाठांतराला उत्तम. तो बाकावर बसला कीं शेजाऱ्यास जागा पुरत नसे. त्या दिवशीं एकवचन आणि द्विवचन यांतील भेद समजावून देतांना मला उदाहरण सुचलें, आणि मीं त्याच्याकडे बोट करून म्हणालों, "हा पाहा, एकटा असून द्विवचन!" वर्ग खो खो हंसला. मीहि हंसलों. तोहि हंसला. माझ्या विनोदाचें मला त्या दिवशीं कौतुकच वाटलें. घरीं जेवतांना मीं तो पुन्हां सांगितलाहि.

तें नांव त्याला चिकटलें. मुलांनीं त्याच्या बाकावर बसणें सोडलें, कारण म्हणे बाक दोघांनीं भरलेला आहे. मधल्या सुट्टींत त्याच्या डब्यांतील पोळ्या काढून घेत, कारण द्विवचनाचें एकवचन करावयाचें आहे. खेळाच्या तासाला तो पाण्याच्या टाकीमागें उभा राही. हें सारें मला पुढें पुष्कळ वर्षांनीं समजलें. त्या वेळीं मला दिसलें तें एवढेंच कीं, पाठांतरांत पहिला येणारा मुलगा हात वर करीनासा झाला. मीं प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला, 'लक्ष देत नाहीं.' नववीला त्यानें संस्कृत सोडलें.

तीन वर्षांपूर्वीं एका मुंजींत तो भेटला. मीं ओळखलें नाहीं. त्यानेंच वांकून नमस्कार केला आणि नांव सांगितलें. आतां तो चांगल्या हुद्द्यावर आहे. बरोबर पत्नी होती, मुलगी होती. मुलगी आठवींत जाणार होती. मीं सहज म्हटलें, "मग संस्कृत घेणार ना?" तो क्षणभर गप्प राहिला. मुलगी मैत्रिणींकडे गेल्यावर हळूच म्हणाला, "तिला घ्यायचें आहे, सर. मीच नको म्हणतों. कां तें तिला सांगितलेलें नाहीं."

तो बाक, तो तास आणि माझें उगारलेलें बोट मला एकदम दिसलें. मीं विचारलें, "माझ्यामुळें?"

तो हंसला, अगदीं त्या दिवशीं हंसला होता तसाच. म्हणाला, "तुम्ही एकदांच म्हणालां होतां, सर. बाकीचे दोन वर्षें रोज म्हणत. पण तक्रार तरी कोणाकडे करणार? नांव सरांनींच ठेवलेलें."

मीं त्याची क्षमा मागितली. त्यानें ती दिली कीं नाहीं, तें मला सांगतां येत नाहीं. पंगत बसत होती, त्याला कोणीतरी हांक मारली आणि तो गेला.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. ते मला तरुणपणापासून मुखोद्गत आहेत. परंतु चारचौघांत अपमान झालेलें मूल, आपल्याला लागलें हें कोणाला दिसूं नये म्हणून जें हंसतें, तो प्रकार त्या सहांत नाहीं, आणि तो मला त्या पोराच्या तोंडावर दिसला नाहीं. म्हणून पालकांस माझें पहिलें सांगणें हें कीं, 'तो स्वतःहि हंसतो' हा पुरावा मानूं नका. तुमचा मुलगा 'गंमत करतात' म्हणतो, तेंहि बहुधा तें हंसणेंच आहे.

मग पुरावा कोठें पाहावा? मुलें तोंडानें क्वचितच सांगतात. लाज वाटते, सांगितल्यास त्रास वाढेल अशी भीति असते, आणि आईबापांस दुःख होऊं नये अशीहि पुष्कळांची धडपड असते. परंतु न सांगितलेलें इतर वाटांनीं बाहेर पडतें. पोट, डोकें दुखणें, मळमळणें, आणि तें शाळेच्या दिवसाशीं बांधलेलें असणें. हें सोंग नव्हे. भीतीनें पोट खरोखरच दुखतें. झोंप न लागणें, दचकून उठणें. कंपासपेटी, रंगपेटी, छत्री वारंवार 'हरवणें'. डबा रिकामा येऊनहि मूल घरीं येतांच उपाशासारखें जेवणें. शाळेंतून आल्याबरोबर पायांतले बूटहि न काढतां मोरीकडे धांवणें. कारण शाळेच्या मुतारींत मास्तरांची नजर नसते, आणि त्रास देणारे तेथेंच गांठतात, म्हणून कित्येक मुलें दिवसभर कळ सोसतात. नेहमींचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानें जाणें. वाढदिवसाला कोणालाच बोलवावयाचें नाहीं म्हणणें. आवडत्या विषयांतील गुण घसरणें. आणि एक खूण विशेष लक्षांत ठेवण्याजोगी: आजवर शांत असलेलें मूल घरांतल्या धाकट्या भावंडावर हात उगारूं लागणें. यांपैकीं एखादी खूण दिसली म्हणजे लगेच निदान झालें असें नाहीं. परंतु दोनतीन एकत्र दिसल्या आणि महिनाभर टिकल्या, तर चौकशी झालीच पाहिजे.

एकत्र कुटुंबाचा येथें मोठा लाभ आहे आणि एक मोठा धोकाहि आहे. लाभ असा कीं, पाहणारे डोळे पुष्कळ. धोका असा कीं, डबा आईला दिसतो, मोरीकडे धांवणें आजीला दिसतें, गुण काकांना दिसतात, आणि रात्रींचें दचकणें शेजारीं निजणाऱ्या चुलत भावाला दिसतें. चौघांचें पाहिलेलें एका ठिकाणीं येतच नाहीं. प्रत्येकास वाटतें, दुसऱ्यानें विचारलें असेल. शिवाय आपल्या घरांत टोपणनांवांची हौस असते. काळू, ढब्बू, रडूबाई, अर्धवट अशीं नांवें प्रेमानें ठेवलेलीं असतात. परंतु त्याच शाळेंत चुलत भावंड जात असतें, आणि घरचें नांव एका दिवसांत वर्गांत पोंचतें. मीं जें वर्गांत केलें तें घरांत होत नाहीं ना, हें प्रत्येकानें पाहावें.

आजोबांचें म्हणणें मीं विसरलों नाहीं. आमच्या वेळींहि चिडवीत, आम्ही मेलों नाहीं. यांत खोटें कांहीं नाहीं. चिडविलेलीं सर्वच मुलें मोडत नाहींत. कित्येक पुढें चांगलीं नांवारूपास येतात. परंतु न मरणें म्हणजे सुखरूप असणें नव्हे. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथें १९५८ सालीं मार्च महिन्यांतल्या एका आठवड्यांत जन्मलेल्या मुलांची पाहणी विद्वानांनीं त्यांच्या प्रौढपणापर्यंत चालू ठेवली आहे. त्यांपैकीं ७,७७१ जणांच्या आईबापांनीं, मूल सात व अकरा वर्षांचें असतां त्यास इतर मुलें त्रास देतात कीं नाहीं, हें सांगितलेलें होतें. तींच माणसें पन्नाशीस पोंचल्यावर काय दिसलें, तें लंडन येथील किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलें. लहानपणीं वारंवार छळलेल्यांमध्यें खिन्नता व चिंता यांचे विकार इतरांहून अधिक होते, प्रकृति अधिक वाईट होती, आणि जिवाभावाच्या माणसांचा आधारहि कमी होता. घरची गरिबी, बुद्धि इत्यादि इतर कारणांचा हिशेब वजा करूनहि हा फरक उरला. सातव्या वर्षींचें दुःख पन्नासाव्या वर्षीं मोजतां येतें, हें वाचून मीं पुस्तक मिटलें आणि त्या मुंजींतल्या माणसाचें वय मनांत मोजलें.

हा प्रकार विरळा आहे असेंहि नाहीं. युनेस्कोनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील शाळकरी मुलांपैकीं जवळजवळ तीनांत एकास मागील महिन्याभरांत निदान एकदां तरी असा त्रास झालेला होता.

एका बाबतींत आजची मुलें आजोबांहून अधिक अडचणींत आहेत. पूर्वीं घराचा उंबरठा ओलांडला कीं चिडविणारे मागें राहत. संध्याकाळची शुभंकरोति आणि आजीची मांडी यांत मूल सावरत असे. आतां वर्गाचा व्हॉट्सॲप गट खिशांतून घरांत येतो. रात्रीं अकराला कोणीतरी विद्रूप केलेलें छायाचित्र टाकतें, चाळीस जण हंसण्याचीं चिन्हें टाकतात, आणि तें मूल पांघरुणाखालीं तें एकटें पाहत असतें. फोन वाजतांच मूल दचकतें, कोणी जवळ आलें कीं पडदा उलटा करतें, किंवा गटांतून अचानक बाहेर पडतें, तर ओरडण्याऐवजीं शेजारीं बसावें.

येथवर आपण आपलें मूल सोसणारें आहे असें धरून चाललों. परंतु दहा मुलें एकास छळीत असतील, तर हिशेब सरळ आहे: सोसणाऱ्याच्या आईपेक्षां छळणाऱ्यांच्या व पाहणाऱ्यांच्या आया संख्येनें अधिक. हें मासिक ज्या घरांत जातें त्या घरांतलीं मुलें अभ्यासांत पुढें, बोलण्यांत चलाख असतात. त्यांच्या हातीं काठी नसते, पण जीभ असते. 'ण'चा 'न' करणाऱ्या मुलाचें उच्चार ऐकवून दाखविणें, कोणाच्या आडनांवावरून जात काढणें, 'तुम्हांला काय, जागा राखूनच ठेवलेली' असें म्हणणें, गांवाकडून आलेल्या मुलीच्या तेल लावलेल्या वेण्यांना नांवें ठेवणें, हे प्रकार मीं शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलांकडून झालेले पाहिले आहेत. आणि हीं वाक्यें मुलें बाहेर शिकत नाहींत; तीं जेवणाच्या पंक्तींत ऐकलेलीं असतात. शुद्ध उच्चार हें माझ्या जन्माचें काम होतें. पण शुद्ध उच्चारानें दुसऱ्याचें तोंड बंद करणें हें विद्येचें लक्षण नव्हे.

महाभारतांतलीच आणखी एक गोष्ट. रंगभूमीवर कर्ण पुढें आला तेव्हां त्याचें कुळ विचारणारे कृपाचार्य होते. प्रश्न आचार्यांनीं केला, सभा पाहत राहिली, कर्णाची मान खालीं गेली. त्या क्षणीं जो त्याच्याजवळ गेला तो दुर्योधन. कर्ण जन्मभर त्याचा झाला. एकटें पडलेलें मूल, जो पहिला आपल्याशेजारीं जागा देतो त्याच्यामागें जातें. तो बरा आहे कीं वाईट, हें त्याला पाहवत नाहीं. म्हणून ती जागा भल्या मुलानें आधीं द्यावी. कानडांतील टोरोंटो शहरीं शाळांच्या मैदानांवरील मुलांचें निरीक्षण करून २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, पाहणाऱ्या मुलांपैकीं कोणी मध्यें पडलें, तर निम्म्याहून अधिक वेळां छळ दहा सेकंदांच्या आंत थांबला. दहा सेकंद! मात्र मध्यें पडणारीं मुलें थोडीं असतात. आपल्या मुलास 'तूं त्यांत पडूं नकोस' असें शिकविण्यापूर्वीं हे दहा सेकंद आठवावे.

आतां भगिनींनीं करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम सर्व ऐकून घ्यावें. मध्यें 'मग तूं काय केलेंस?' असें विचारूं नये, त्यांत दोष दिल्याचा सूर असतो. 'सांगितलेंस हें बरें केलेंस, यांत तुझी चूक नाहीं' हें वाक्य मात्र अवश्य उच्चारावें. 'दोन ठेवून दे' हा यजमानांचा सल्ला टाळावा. बळ सारखें असतें तर प्रश्नच उद्भवला नसता, आणि मार खाऊन आल्यावर मूल पुन्हां सांगणार नाहीं. समोरच्या मुलाच्या दारांत जाऊन भांडूं नये. कोणत्या दिवशीं, कोठें, कोण, काय, हें वहींत तारखेनिशीं लिहावें. फोनवरचें असेल तर पुसण्यापूर्वीं त्याचें चित्र जपून ठेवावें. ती वही घेऊन वर्गशिक्षकांस भेटावें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर मुख्याध्यापकांस लेखी द्यावें. मोघम तक्रार करूं नये. बाक बदलावा, मधल्या सुट्टींत अमक्या ठिकाणीं कोणी लक्ष ठेवावें, पंधरा दिवसांनीं पुन्हां भेटूं, असें नेमकें मागावें. दोघांना वर्गापुढें उभें करून हात मिळवावयास लावणें हा मास्तरांचा आवडता उपाय नम्रपणें नाकारावा. त्यानें सोसणाऱ्याची दुसऱ्यांदा शोभा होते. आणि घरीं एखादा वर्गमित्र खेळावयास बोलवावा. एक मित्र असला तरी पुष्कळ असतें.

कायद्याचा आधारहि आहे. २००९ च्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याच्या सतराव्या कलमानें मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. माझा 'द्विवचना'चा विनोद आज त्याच कलमाखालीं यावा, आणि तें योग्यच आहे. कॉलेजांतील रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे, व त्यांत दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे आहेत. मूल फारच खचलें, 'मी नसतों तर बरें' असें कांहीं बोललें, तर तें रागाच्या भरांतलें म्हणून सोडून देऊं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलांसाठीं १०९८ आणि मनाच्या त्रासासाठीं १४४१६ हे फोन सरकारनें चालविलेले असून ते रात्रंदिवस व विनामूल्य आहेत.

राहतां राहिले आजोबा. त्यांना वाद घालून जिंकावें असें मी सांगणार नाहीं. त्यांची मदतच घ्यावी. एखाद्या निवांत संध्याकाळीं नातवाला त्यांच्याजवळ बसवून, भगिनींनीं त्यांना विचारावें कीं, "मामंजी, तुम्हांला शाळेंत कोण चिडवीत असे?" माझा अनुभव असा आहे कीं, साठ वर्षें लोटलीं तरी त्या मुलाचें नांव माणसाला आडनांवासकट आठवतें. तें नांव आजोबांच्या तोंडून निघालें, कीं नातू आपलें सांगूं लागेल.